‘ड्यू टू’ की ‘ड्यू फ्रॉम’? धंद्याचं इंग्रजी जोडीने शिका



आधी एक वाक्य बघा. "रुपीज १८,००० इज ड्यू टू यू."

समजा तुम्ही एका दुकानदाराला माल दिलाय. त्याच्याकडून १८,००० रुपये यायचे आहेत. दोन महिने झाले, म्हणून तुम्ही त्याला हा मेसेज टाकलात. तुमच्या मनातला अर्थ असा की, "तुमच्याकडे अठरा हजार बाकी आहेत." पण समोरच्याला मिळालेला अर्थ असा की, "आम्ही तुम्हाला अठरा हजार देणं लागतो." स्पेलिंग बरोबर आहे, आकडाही बरोबर आहे. चुकला तो फक्त एक छोटा शब्द. तिथे "ड्यू फ्रॉम यू" हवं होतं.

आपल्या वहीत येणं वेगळं आणि देणं वेगळं. दोन शब्द आहेत, गोंधळ व्हायचं कारणच नाही. इंग्रजीत दोन्हीकडे "ड्यू" हाच शब्द. पैसे कुठल्या बाजूला जाणार, हे त्याच्यामागे येणारा "टू" किंवा "फ्रॉम" ठरवतो. ताळेबंदातसुद्धा "ड्यू फ्रॉम" म्हणजे आपलं येणं आणि "ड्यू टू" म्हणजे आपलं देणं. शिवाय "ड्यू ऑन" म्हटलं की पुढे तारीख येते. आणि "डिले इज ड्यू टू रेन" म्हटलं तर तोच "ड्यू टू" म्हणजे "पावसामुळे". एक शब्द, पण जोडीदार आणि जागा बदलली की अर्थ बदलतो.

आजच्या लेखात मला हेच सांगायचंय. छोट्या उद्योजकाने इंग्रजीचे भारी भारी शब्द पाठ करण्यात वेळ घालवू नये. बिल, कोटेशन, लेबल आणि ईमेलमध्ये रोज येणारी वीस-पंचवीस विशेषणं त्यांच्या जोडीदारासकट शिकावीत. आणि उरलेल्या चुकांची लाज सरळ सोडून द्यावी.

हे आपल्याला नवीन नाही

प्रीपोझिशन म्हटलं की बऱ्याच जणांच्या पोटात गोळा येतो. शाळेतल्या रिकाम्या जागा भरा आठवतात. आपल्याकडे मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीच्या पिढीने एबीसीडी पाचवीत गिरवली. पण दोन्ही पिढ्यांना हा विषय भेटला तो एका मार्काच्या प्रश्नात. चुकलं तर एक मार्क गेला, एवढाच हिशेब. धंद्यात तो एक मार्क हजारो रुपयांचा होऊ शकतो.

आता जरा मराठीकडे बघा. आपण म्हणतो "शब्दाचा पक्का", "कामात हुशार", "चवीला गोड", "माझ्यावर नाराज". पक्का असेल तर "चा", हुशार असेल तर "त", गोड असेल तर "ला", नाराज असेल तर "वर". हा नियम तुम्हाला कुणी शिकवला? कुणीच नाही. लहानपणापासून ऐकलं आणि जोडी डोक्यात बसली. उद्या एखादा परदेशी पाहुणा "तो शब्दावर पक्का आहे" म्हणाला, तर आपल्याला कळेल, थोडं हसूही येईल. पण त्याला कारण विचारलं तर आपल्याला सांगता येणार नाही. "असंच म्हणतात," एवढंच आपण म्हणू.

इंग्रजीतही बरंचसं "असंच म्हणतात" या खात्यात आहे. "इंटरेस्टेड"सोबत "इन" येतो, "अवेअर"सोबत "ऑफ", "सिमिलर"सोबत "टू", "कॉम्पॅटिबल"सोबत "विथ". इथे तर्क लढवून उपयोग नाही, कारण आपला तर्क मराठीतून चालतो. लग्न कोणाशी झालं? "शी" म्हणजे "विथ", म्हणून आपण "मॅरिड विथ" म्हणतो. इंग्रजीत मात्र "मॅरिड टू" आहे. त्याच्यापेक्षा सरस, म्हणून आपण "सुपीरियर दॅन" लिहितो. इंग्रजीत "सुपीरियर टू" आहे. आपल्या एका प्रत्ययाला त्यांचा एकच ठरलेला शब्द असता, तर काम सोपं होतं. तसं नाही. म्हणून भाषांतर करत बसू नका, जोडीच पाठ करा.

पैसे ठरवणाऱ्या जोड्या

आता धंद्यातले शब्द घेऊ. इथे नीट लक्ष द्या.

एक्सक्लुझिव्ह आणि इन्क्लुझिव्ह. "प्राइस इज एक्सक्लुझिव्ह ऑफ जीएसटी" म्हणजे जीएसटी वेगळा लागेल. "इन्क्लुझिव्ह ऑफ जीएसटी" म्हणजे दरातच धरलाय. समजा तुमच्या मालावर १८ टक्के जीएसटी आहे आणि तुम्ही १,००,००० रुपयांचं कोटेशन दिलं. एक्सक्लुझिव्ह लिहिलं तर बिल १,१८,००० चं होईल आणि तुमच्या मालाचे पूर्ण एक लाख तुम्हाला राहतील. इन्क्लुझिव्ह लिहिलं तर मालाचे राहतात साधारण ८४,७४६ आणि १५,२५४ जातात करात. एवढा फरक एका शब्दाचा आहे. पॅकबंद मालाचं मात्र वेगळं. लीगल मेट्रॉलॉजीच्या २०११ च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांप्रमाणे पाकिटावरची एमआरपी सगळे कर धरूनच असते. म्हणून तिथे "इन्क्लुझिव्ह ऑफ ऑल टॅक्सेस" छापलेलं दिसतं.

आता "ऑफ" काढा आणि "टू" लावा. "धिस प्रॉडक्ट इज एक्सक्लुझिव्ह टू युवर स्टोअर." याचा कराशी काहीही संबंध नाही. याचा अर्थ, हा माल फक्त तुमच्याच दुकानात मिळेल. डीलरला खूश करायला हे वाक्य टाकलंत आणि महिन्याभराने शेजारच्या गल्लीत तोच माल दिलात, तर तो तुमचाच ईमेल तुमच्यासमोर ठेवेल.

सब्जेक्ट टू. माझ्या मते नवीन उद्योजकाचं सगळ्यात जास्त नुकसान करू शकणारी जोडी हीच. "ऑर्डर इज कन्फर्म्ड सब्जेक्ट टू सॅम्पल अप्रुव्हल." घाईत वाचणाऱ्याला "ऑर्डर कन्फर्म्ड" एवढंच दिसतं आणि तो उधारीवर कच्चा माल उचलून मोकळा होतो. खरा अर्थ असा की, सॅम्पल पास झालं तरच ऑर्डर पक्की. तोपर्यंत ती ऑर्डर अधांतरी आहे. कर्जाच्या पत्रात "सब्जेक्ट टू" आलं तरी तसंच. त्याच्यापुढच्या अटी पूर्ण होईपर्यंत पैसे हातात आले असं समजू नका. "सब्जेक्ट टू" दिसलं की थांबा आणि पुढचं सगळं दोनदा वाचा. अट तिथेच असते.

हीच जोडी तुमच्या बिलाच्या तळाशी पण असते. "सब्जेक्ट टू पुणे ज्युरिस्डिक्शन." म्हणजे वाद झाला तर तो पुण्याच्या कोर्टात चालावा, असं तुम्ही म्हणताय. ते कोर्टात कितपत टिकेल हा वकिलाचा विषय. पण तुमचा धंदा लातूरला आणि बिलाचा नमुना कुणाकडून तरी उचललेला, त्यावर "मुंबई ज्युरिस्डिक्शन", असं तर नाही ना? आज घरी जाऊन आपलं बिलबुक उघडून बघा.

रिस्पॉन्सिबल. कामाची किंवा नुकसानीची जबाबदारी सांगायची तर "रिस्पॉन्सिबल फॉर". कोणाला उत्तर द्यायचं ते सांगायचं तर "रिस्पॉन्सिबल टू". "द सुपरवायझर इज रिस्पॉन्सिबल टू द ओनर फॉर क्वालिटी." मालाच्या दर्जाची जबाबदारी सुपरवायझरवर आणि त्याने जाब द्यायचा मालकाला. पार्टनरशिपच्या कागदात किंवा माणसाला नोकरीवर घेताना दोन्ही लिहा. "फॉर" लिहून "टू" सोडलं की काम वाटलं जातं, पण जाब कोण कोणाला देणार ते ठरत नाही. भांडणाची सुरुवात तिथूनच होते.

आणि "नॉट रिस्पॉन्सिबल फॉर डॅमेज इन ट्रान्झिट" मधला "इन ट्रान्झिट" खाऊन टाकू नका. तो असला की तुम्ही म्हणताय, वाटेत माल फुटला तर जबाबदारी आमची नाही. तो काढला की तुम्ही म्हणताय, माल कसाही खराब निघाला तरी आमची जबाबदारी नाही. असा कागद बघून कुठला ग्राहक ऑर्डर देईल?

लायबल. "लायबल फॉर"च्या पुढे नुकसान, दंड, खर्च अशी नावं येतात. "लायबल टू"च्या पुढे बहुतेक वेळा क्रिया येते. "यू आर लायबल टू पे इंटरेस्ट." हे वाक्य तुमच्या कामाचं आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि लेखी करार केला तरी ती मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. त्याहून उशीर झाला तर खरेदीदाराला बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावं लागतं. उद्यम नोंदणी करून तुम्ही उत्पादन करत असाल किंवा सेवा देत असाल, तर आठवणीच्या पत्रात हे एक वाक्य शांतपणे टाकता यायला हवं. आरडाओरडा करायची गरज पडत नाही. पण "लायबल टू ब्रेक" असं लिहिलं तर तिथे कायदा नसतो, ती वस्तू "फुटण्याची शक्यता आहे" एवढाच अर्थ होतो.

फ्री. ग्राहकाचा सगळ्यात आवडता शब्द आणि म्हणूनच सगळ्यात जास्त वादाचा. "फ्री ऑफ चार्ज" म्हणजे मोफत. "फ्री फॉर थ्री मन्थ्स" म्हणजे तीन महिने मोफत, नंतर पैसे. "फ्री विथ एव्हरी टू पॅक्स" म्हणजे आधी दोन पाकिटं घ्या. "फ्री फ्रॉम प्रिझर्व्हेटिव्ह्ज" म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह नाहीत, किंमत मात्र आहेच. तुम्ही पोस्टरवर नुसतं "सर्व्हिस फ्री" लिहिलंत, तर ग्राहक त्याच्या सोयीचा जोडीदार स्वतःच लावून घेणार. किती महिने, कशासोबत, हे तुम्हीच लिहा.

कन्सर्न्ड. "वी आर कन्सर्न्ड अबाउट द डिले" म्हणजे उशीर झाल्याची आम्हाला काळजी वाटते. "वी आर नॉट कन्सर्न्ड विथ द डिले" म्हणजे उशिराशी आमचा संबंध नाही. आधीच चिडलेल्या ग्राहकाला दुसरं वाक्य गेलं तर पुढची ऑर्डर विसरा.

जोडी जमली की जागा बदलते

आणखी एक गोष्ट, खास करून लेबल आणि ब्रोशर लिहिणाऱ्यांसाठी. मराठीत आपण म्हणतो "मुलांसाठी योग्य खेळणी". विशेषण आणि त्याची शेपूट सगळं नावाच्या आधी. इंग्रजीत एकटं विशेषण नावाच्या आधी येतं, "सुटेबल टॉइज". पण जोडीदार आला की ते अख्खं नावाच्या मागे जातं, "टॉइज सुटेबल फॉर चिल्ड्रन". आपण मराठी क्रमाने "फॉर चिल्ड्रन सुटेबल टॉइज" लिहितो आणि वाचणारा अडखळतो.

म्हणून "ज्यूस मेड फ्रॉम कोकम", "बॅग्ज मेड ऑफ ज्यूट", "पार्ट्स कॉम्पॅटिबल विथ ऑल मॉडेल्स" असंच लिहा. इथेही जोडीदार बघा. ताग पिशवीत दिसतो, म्हणून "ऑफ". कोकमाचं रूप बदलून सरबत झालं, म्हणून "फ्रॉम". आणि "मेड विथ" म्हटलं की त्यात तो पदार्थ आहे एवढंच कळतं, किती आहे ते कळत नाही. गव्हाच्या पिठात थोडी नाचणी घालून "मेड फ्रॉम नाचणी" लिहू नका. ग्राहक मागची घटकांची यादी वाचतो हल्ली.

काही तुकडे मात्र एकत्र बांधले जाऊन नावाच्या आधीच येतात. "रेडी टू ईट पोहे", "इझी टू क्लीन मिक्सर". हे तयार साचे आहेत, तसेच उचला.

कुठल्या चुका सोडून द्यायच्या

आता दुसरी बाजू. जिथे समोरच्याला अर्थ कळतो आणि पैसे हलत नाहीत, तिथे अजिबात घाबरू नका. "गुड ॲट" ऐवजी "गुड इन मार्केटिंग" म्हणालात, काही बिघडत नाही, आपल्या देशात सर्रास म्हणतात. "डिफरंट"नंतर काय, यावर तर खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचं एकमत नाही. "डिफरंट फ्रॉम" सगळीकडे चालतं, ब्रिटनमध्ये "डिफरंट टू" पण ऐकू येतं, अमेरिकेत "डिफरंट दॅन". मग आपण कशाला झोप उडवून घ्यायची?

हे मी मुद्दाम सांगतोय. चांगला माल बनवणारी कितीतरी माणसं "माझं इंग्रजी कच्चं आहे" म्हणून मोठ्या ग्राहकाला ईमेलच पाठवत नाहीत. हे नुकसान चुकीच्या "इन"पेक्षा फार मोठं आहे. बोलताना चुका होऊ द्या. लिहिताना, आणि तेही पैसे, मुदत, जबाबदारी आणि अट या चार ठिकाणी, चूक होऊ देऊ नका. एवढी एक रेघ मारून घेतली की डोक्यावरचं निम्मं ओझं उतरतं.

"पण सर, आता एआय लिहून देतं ना?"

देतं, आणि जरूर वापरा. पण एआयला तुमचा व्यवहार माहीत नसतो. जीएसटी दरात धरलाय की वेगळा, गाडीभाडं कोण देणार, ऑर्डर पक्की की अटीवर, हे तुम्ही सांगाल तसं ते लिहिणार. तुम्ही अर्धवट सांगितलंत तर ते गोड इंग्रजीत भलतंच लिहून मोकळं होईल. सही तुमची, नाव तुमच्या फर्मचं. पाठवण्याआधी "टू" आहे की "फ्रॉम", "ऑफ" आहे की "टू", एवढं तुम्हाला स्वतःला वाचता आलंच पाहिजे. आणि समोरून आलेला करार वाचताना तर हे हवंच. तो लिहिणाऱ्याने स्वतःची सोय बघूनच लिहिलेला असतो.

मग शिकायचं कसं?

ए. एस. हॉर्नबी नावाचे एक इंग्रज शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे. दुसऱ्या भाषेच्या माणसाला नुसता अर्थ पुरत नाही, शब्द वाक्यात कसा बसतो तेही सांगावं लागतं, हे ओळखून त्यांनी सहकाऱ्यांसोबत एक डिक्शनरी केली. ती १९४२ मध्ये जपानमध्ये छापली गेली आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढली. आजची ऑक्सफर्डची ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी ती हीच. म्हणजे ही डिक्शनरी मुळात आपल्यासारख्यांसाठीच बनली. पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठात प्राध्यापक जॉन सिंक्लेअर यांच्या गटाने पुस्तकांतली, वर्तमानपत्रांतली खरी वाक्यं कॉम्प्युटरवर गोळा केली आणि त्यावरून १९८७ मध्ये कोबिल्ड डिक्शनरी काढली. खरी भाषा बघितल्यावर त्यांनी मांडलं ते हेच की, शब्द बरेचदा एकटे फिरत नाहीत, ठरलेल्या सोबत्यांबरोबर फिरतात. अशा डिक्शनऱ्या आज मोबाइलवर फुकट बघता येतात. शब्द शोधला की अर्थ वाचून बंद करू नका. खालची उदाहरणाची वाक्यं वाचा. जोडीदार तिथे सापडतो.

या आठवड्याचं काम देतो. एक वही घ्या. तुमच्याकडे आलेली आणि तुम्ही पाठवलेली दहा बिलं, कोटेशनं आणि ईमेल समोर ठेवा. त्यातलं प्रत्येक विशेषण जोडीदारासकट उतरवा. "व्हॅलिड फॉर १५ डेज", "पेएबल टू", "एलिजिबल फॉर", "रेडी फॉर डिस्पॅच", जे सापडेल ते. प्रत्येकाच्या पुढे तुमच्या धंद्यातलं एक पूर्ण वाक्य लिहा आणि त्याच्यापुढे मराठीत लिहा, हे वाक्य खरं धरलं तर कोणाच्या खिशातून काय जाणार. हा शेवटचा रकाना सोडू नका. तोच तुम्हाला शिकवणार आहे.

रोज तीन जोड्या केल्यात तरी आठ-दहा दिवसांत तुमच्या धंद्याचं इंग्रजी तुमच्या हातात येईल. वहीत सापडलेली सगळ्यात घोटाळ्याची जोडी कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत तिचाच हिशेब मांडू.